उपोसथ, शिबिर आणि कामवासना : साधकांनो, या चुका टाळा

पौर्णिमेला उपोसथाचं, म्हणजे व्रताचं, अष्टशील (आठ नियम) घेणारे उपासक-उपासिका, दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरातून परतलेले साधक, श्रामणेर (नवशिक्या भिक्खूंच्या) शिबिरात पहिल्यांदाच चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, घातलेली तरुण मुलं... या सगळ्यांना एक प्रश्न छळतो आणि तो विहारात मोठ्यानं कुणी विचारत नाही : वासना मनात येतेच, म्हणजे माझं शील मोडलं का?

नाही मोडलं. शील कायेचं आणि वाचेचं असतं. मनात उठलेली लहर हा ध्यानाचा विषय, शीलभंग नव्हे. भिक्खूंचा विनय, म्हणजे संघाचे नियम, याबाबतीत किती कडक आहे ते बघा. वैशालीजवळच्या कलंदक गावचा सुदिन्न भिक्खू, वंश चालावा या आईच्या आग्रहापायी पूर्वीच्या पत्नीपाशी गेला. त्यावरून पहिलं पाराजिक आलं : मैथुन केलं की संघातलं स्थान कायमचं गेलं. पण त्याच विनयात जाणूनबुजून वीर्यपात करण्याबद्दलच्या नियमाला स्वप्नाचा अपवाद आहे. भिक्खूला जी सूट मिळते ती स्वतःला नाकारून, झोपेत घडलेल्या गोष्टीसाठी दिवसभर उपाशी राहणारी मुलं मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं.

शरीराला शत्रू मानण्याची ही सवय जुनीच. वासनेला कंटाळून एका भिक्खूनं स्वतःचं लिंग छाटल्याची हकिगत चुल्लवग्गात, विनयाच्याच एका ग्रंथात, आहे. छाटायचं होतं वेगळंच आणि या खुळ्यानं भलतंच छाटलं, असं बुद्धांनी त्याच्याबद्दल म्हटलं. सारनाथच्या पहिल्या प्रवचनात कामसुखात लोळणं आणि देहाला जाळणं ही दोन्ही टोकं नाकारली आहेत. आपण पहिलंच तेवढं लक्षात ठेवतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एकच उपाय धरून बसणं. कोसंबीच्या उदेन राजानं पिंडोल भारद्वाज थेरांना (ज्येष्ठ भिक्खूंना) विचारलं होतं, काळ्याभोर केसांचे हे तरुण भिक्खू आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळतात तरी कसे? थेर म्हणाले, आईच्या वयाच्या स्त्रीला आई मानतात, बहिणीच्या वयाचीला बहीण, मुलीच्या वयाचीला मुलगी. राजा काही बधला नाही. मन चंचल असतं, म्हणाला, आईसारख्या स्त्रीबद्दलही त्यात लोभ उठतो. दुसरं काही आहे का? थेरांनी दुसरा उपाय सांगितला : तळपायापासून केसांपर्यंत या देहात काय काय भरलंय ते पाहणं, केस, नखं, दात, मांस, हाडं, पित्त, कफ. राजा म्हणाला, ज्याचं मन तयार आहे त्याला ते सोपं, पण इतरांचं काय? ते अशुभ (किळसवाणं) पाहू म्हणतात आणि त्यांना शुभच (सुंदरच) दिसतं. तेव्हा थेर तिसऱ्या उपायावर आले : डोळ्यानं रूप दिसलं तरी त्याच्या खाणाखुणा धरून बसायचं नाही, इंद्रियांचं दार राखायचं. हे राजाला पटलं, कारण त्याचा स्वतःचा तोच अनुभव होता. अंतःपुरात बेसावध शिरलं की वासना घेरते, सावध शिरलं की घेरत नाही.

आपल्याकडे बरेचजण पहिल्याच उपायावर अडकतात. 'सगळ्यांना ताई म्हणायचं' ठरवतात आणि रात्री साडेअकराला अंथरुणात मोबाईल उघडतात. दार तिथं आहे. कामच्छंदाला, म्हणजे कामसुखाच्या ओढीला, खाद्य मिळतं ते मोहक निमित्तावर मन पुन्हा पुन्हा नेल्यानं, असं सुत्तातच (बुद्धांच्या प्रवचनातच) सांगितलंय. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावणं हासुद्धा इंद्रियसंवरच, म्हणजे इंद्रियांचं दार राखणंच.

आणि तरीही वासना आलीच तर? सतिपट्ठान सुत्तात सरळ सांगितलंय की चित्त सराग (वासनेनं भरलेलं) असेल तर 'सराग आहे' हे जाणायचं. आली, आहे, ओसरली. छातीत, पोटात काय होतंय ते पाहायचं. हाकलायला धावू नका. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात मारविजयाचं शिल्प आहे, भोवती मोहात पाडणाऱ्या माराची सेना, खाली त्याच्या मुली. मधे बुद्ध बसलेले, उजवा हात जमिनीला टेकलेला. ते कुणालाही ढकलत नाहीत.

अशुभ भावनेबद्दल, म्हणजे थेरांच्या त्या दुसऱ्या उपायाबद्दल, जपून. ती स्वतःच्या देहापासून सुरू होते. सुत्तातले शब्द 'या देहात' असे आहेत. ती सोडून 'बाईचं शरीर घाणेरडं' असं बोलत सुटणारा साधक द्वेष वाढवतो, आणि द्वेष हेही नीवरणच, ध्यानातला अडथळाच. शिवाय तिचा अतिरेक घातक. वैशालीत काही भिक्खूंना या भावनेनं देहाचा इतका तिटकारा आला की त्यांनी जीव दिला, आणि मग बुद्धांनी संघाला आनापानसती, म्हणजे श्वासावरचं ध्यान, सांगितली. मन उदास, कोरडं होत असेल तर ही भावना लगेच थांबवा, श्वासावर या आणि भंतेजींशी किंवा आचार्यांशी बोला. जगणं नकोसं वाटू लागलं तर डॉक्टरकडे जायला क्षणभरही उशीर करू नका.

दहा दिवसांत वासना संपेल ही अपेक्षाही सोडा. मुक्तीच्या वाटेवरची पहिली पायरी गाठलेल्या स्रोतापन्नाचाही कामराग (कामवासना) तुटलेला नसतो. दुसऱ्या पायरीवरच्या सकदागामीचा तो क्षीण होतो, तुटतो तिसऱ्या पायरीवरच्या अनागामीचा. बुद्धांची उपासिका विशाखा स्रोतापन्न होती आणि तिनं मुलाबाळांचा भरला संसार केला.

शेवटची चूक विवाहितांची. भिक्खूचं शील गृहस्थावर लादायचं आणि जोडीदाराला विचारायचंही नाही! पंचशीलातलं तिसरं शील व्यभिचारापासून दूर राहण्याचं आहे. 1956 साली नागपूरला घेतलेल्या 22 प्रतिज्ञांतही व्यभिचार न करण्याचीच प्रतिज्ञा आहे. पूर्ण ब्रह्मचर्य अष्टशीलात येतं, उपोसथापुरतं. नकुलपिता आणि नकुलमाता या वृद्ध जोडप्यानं पुढच्या जन्मीही एकमेकांना भेटायची इच्छा सांगितली, तेव्हा बुद्धांनी त्यांना दटावलं नाही. श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा दोघांची सारखी असू द्या, म्हणाले. तेव्हा अष्टशील घ्यायचं असेल तर आदल्या दिवशी घरी बोला. शिबिराहून आल्यावर 'आता मला यात रस नाही' असं एकतर्फी जाहीर करू नका. तिला किंवा त्याला काय वाटतं ते आधी पूर्ण ऐकून घ्या.