पाव आंबट का होत होते

फोंड्यात घरामागच्या पडवीत बेकरी सुरू केली आणि पहिल्याच मे महिन्यात पाव आंबट व्हायला लागले. भट्टीत चढायचे, बाहेर काढले की मधे बसायचे. मैदा बदलला, काही फरक नाही. जीव रडकुंडीला आला. शेवटी मळलेल्या पिठात थर्मामीटर खुपसला: ३३ अंश! पीठ फुगवणारं यीस्ट उष्णतेनं भराभर काम उरकत होतं, म्हणून पीठ भट्टीत जायच्या आधीच जास्त आंबत होतं.

मग किलोभर मैद्याला इन्स्टंट यीस्ट १० ग्रॅमवरून ५ वर आणलं, मीठ मोजून २० ग्रॅम, आणि पाण्यापैकी ८० ग्रॅम बर्फाचा चुरा. पीठ २६ अंशांवर आलं. फुगायला वेळ लागतो, म्हणून हल्ली पहाटे अडीचला उठतो.

सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेरकाकांनी माझी कोंडा लावलेली पोई (गोव्याकडचा एक पाव) बोटानं दाबली. ती हळूच परत वर आली. “उद्यापासून पन्नास दे,” म्हणाले.