वाळलेल्या फुलाचं रेझिन पेंडंट घरी कसं करावं

रेझिनचं (ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणाऱ्या द्रवाचं) काम बहुतेक वेळा मिश्रणाच्या कपातच बिघडतं. साच्यातून काढताना ते फक्त कळतं. म्हणून फूल, रंग, चमकी यांच्याआधी मोजमापाकडे बघू.

दागिन्यांसाठी दोन भागांचं पारदर्शक एपॉक्सी रेझिन घ्या: एका बाटलीत रेझिन, दुसरीत ते घट्ट करणारा हार्डनर. (यूव्ही रेझिन दिव्याखाली काही मिनिटांत घट्ट होतं, पण पातळ थरातच. जाड थर किंवा गडद रंग असला की प्रकाश आत पोचत नाही आणि पोट ओलं राहतं.) प्रमाण कुठे 1:1 असतं, कुठे 2:1, कुठे 3:1. बाटलीवर ते आकारमानाने दिलंय की वजनाने, हे आधी वाचा. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे आकारमानाचं 2:1 वजनकाट्यावर 2:1 राहत नाही. स्वयंपाकघरातला 1 ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा काटा इथे कामाचा नाही, 0.1 ग्रॅम दाखवणारा लागतो.

30 मिमी व्यासाच्या आणि 6 मिमी खोल गोल साच्यात जेमतेम 4 मिली रेझिन मावतं. म्हणून तेवढंच कालवायचा मोह टाळा. मिश्रण जितकं कमी, तितकी एका थेंबाची चूक मोठी. एका वेळी निदान 15 मिली करा आणि उरलेल्यासाठी कानातल्यांचे छोटे साचे शेजारी तयार ठेवा.

फूल पूर्ण वाळलेलं हवं. जाड पुस्तकात टीपकागदात दाबून दोन-तीन आठवडे ठेवा. पाकळी वाकवली की कागदासारखी कुरकुरली पाहिजे. लवचिक वाटली तर आत ओल आहे. अशी पाकळी रेझिनमध्ये तपकिरी पडते, बुडबुडेही सोडते.

खोली 22 ते 25 अंशांवर, हवा खेळती, हातात नायट्राइल मोजे. हे मोजे वगळू नका: कच्चं रेझिन वारंवार त्वचेला लागलं की अ‍ॅलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की सहसा जात नाही. हाताला लागलंच तर साबण-पाण्याने धुवा, थिनरने कधीच नको.

रेझिन गार आणि घट्ट वाटलं तर बंद बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात उभी करा, मग कोरडी पुसा. दोन्ही भाग मोजून चपट्या काडीने तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा. फेटू नका, फेटलं की हवा शिरते. कपाच्या कडा आणि तळ खरवडत राहा. काडीमागे धुरकट रेषा दिसतायत तोवर मिश्रण झालेलं नाही. मग ते दुसऱ्या कोरड्या कपात ओतून पुन्हा मिनिटभर ढवळा, कारण पहिल्या कपाच्या भिंतीला न मिसळलेला अंश चिकटलेला असतो. दागिन्यावर मधेच चिकट डाग उमटतात ते यामुळेच.

आता सिलिकॉनच्या साच्यात 2 मिमीचा पहिला थर ओता. वर आलेले बुडबुडे टाचणीने फोडा. साचा झाकून, सपाट जागी तीन-चार तास ठेवा. मोजा घातलेलं बोट लावल्यावर चिकटेल पण धागा निघणार नाही, अशी अवस्था आली की फूल ठेवायचं, तेही पालथं! साच्याचा तळ म्हणजे पेंडंटचा दर्शनी भाग, हे पहिल्यांदा हमखास विसरलं जातं. ठेवण्याआधी फूल ताज्या मिश्रणात बुडवून घ्या, म्हणजे पाकळ्यांमागची हवा निघून जाते. वरून दुसरा थर काठोकाठ भरा. मागे गडद रंग हवा असेल तर पारदर्शक थर थोडा कमी ठेवून रंगीत थर शेवटी द्या. रंग मिश्रणाच्या वजनाच्या 5 टक्क्यांच्या आतच, आणि पाण्यातला रंग अजिबात नको; त्याने रेझिन गढूळ होतं, नीट घट्टही होत नाही.

24 तासांनी साच्यातून काढा, पण पूर्ण कडक व्हायला साधारण 72 तास द्या. तेव्हाही सगळीकडे चिकट असेल तर प्रमाण चुकलंय. वरून जास्तीचा हार्डनर चोपडून ते सुधारत नाही, नवं करावं लागतं. नुसता तेलकट पापुद्रा असेल तर तो दमट हवेचा परिणाम, साबण-पाण्याने निघतो.

कडा वॉटर पेपरने (पाण्यासोबत वापरायच्या पॉलिश पेपरने) ओल्याच घासा: आधी 400 नंबरचा, मग 600, 1000, शेवटी 2000. कोरडं घासू नका, ती धूळ छातीत जाते. ओल्या घासकामातही मास्क असू द्या. छिद्रासाठी 1 मिमीचं हातड्रिल पुरतं. त्यात स्क्रूची कडी थेंबभर गोंद लावून फिरवा. साखळी जोडायची कडी उघडताना टोकं बाजूंना फाकवू नका, दोन पकडींनी एक पुढे, एक मागे वळवा. फाकवलेली कडी पुन्हा नीट मिटत नाही आणि पेंडंट केव्हातरी रस्त्यातच पडतं.