फळं घालून केलेली न्याहारी बिघडते कुठे? या चुका टाळा

माझ्या भाचीने सकाळी सात वाजता घट्ट दह्यात अननसाचे तुकडे आणि दोन चमचे साखर कालवून ऑफिसचा डबा भरला. दुपारी उघडला तर दही पातळ झालेलं आणि घास तोंडात ठेववेना इतकं कडू. दही जुनं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी तिने ताजं दही आणलं. पुन्हा तेच झालं. मग तिचा मला फोन आला, "मावशी, दही बदललं तरी कडूच!"

दह्याची काही चूक नव्हती. कच्च्या, म्हणजे न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलिन नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते दुधा-दह्यातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतं आणि त्या तुकड्यांची चव कडू असते. पपईतलं पपेन आणि किवीतलं ॲक्टिनिडिन हेच काम करतात. मटण मऊ व्हावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो ना, तोच हा गुण. मटणात तो हवासा वाटतो, दह्यात नको होतो. लगेच खायचं असेल तर कच्चा अननस दह्यात चालतो, कारण विकराला वेळच मिळत नाही. डब्यात न्यायचा असेल तर तुकडे त्यांच्याच रसात साखर घालून आठ-दहा मिनिटं चांगले खदखदू द्या, पूर्ण गार करा आणि मग दह्यात घाला. उष्णतेने विकर निकामी होतं. टिनमधला अननस आधीच शिजलेला असतो, म्हणून त्याने हा त्रास होत नाही. जेलीचंही तसंच आहे. कच्चा अननस घातला की जिलेटिन बसत नाही, कारण जिलेटिन हेही प्रथिनच. चायना ग्रास मात्र बसतं, कारण ते समुद्री शेवाळापासून होतं आणि त्यात विकराला तोडायला प्रथिन नसतं.

हे इतकं सविस्तर लिहिलं, कारण फळांच्या पदार्थात बहुतेक वेळा चूक प्रमाणात नसते, वेळेत असते. फळ कुठलं हे आपण बघतो. ते केव्हा घालायचं, हा विचार राहून जातो.

केळ्याचा शिरा

सत्यनारायणाचा प्रसाद घरोघरी होतो, तरी न्याहारीला तोच शिरा करायला घेतला की रवा टचटचीत राहिल्याची तक्रार ऐकू येते. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, साखर लवकर पडते. साखर पाणी धरून ठेवते, रव्याला फुगायला ते उरत नाही. नंतर कितीही वाफ द्या, कण मऊ होत नाही. तेव्हा क्रम असा ठेवा. तुपात रवा मंद आचेवर खमंग भाजा. वास सुटला आणि रवा हाताला हलका लागू लागला की केळ्याच्या चकत्या त्यातच टाकून दोन मिनिटं परता. मग उकळतं दूध किंवा निम्मं दूध, निम्मं पाणी घाला. एका वाटी रव्याला अडीच वाट्या पुरतात. झाकण ठेवून वाफ काढा, रव्याचा एक कण बोटांत चिरडून बघा. तो मऊ लागला तरच साखर. साखर पडली की शिरा आधी सैल होतो, घाबरू नका, पाच मिनिटांत आळून येतो.

प्रसादाला रवा, तूप, साखर सव्वा-सव्वाच्या मापाने सारखं घेतात. रोजच्या न्याहारीला अर्धी वाटी तूप आणि पाऊण वाटी साखर मला पुरेशी वाटते. केळं पिकलेलं असेल तर साखर आणखी कमी.

केळं शेवटी घातलं तर ते शिऱ्यात वेगळं राहतं आणि कच्चट लागतं. तुपात परतलं की त्याचा गोडवा रव्याला लागतो. प्रसादाचा तो वास अर्धा तिथूनच येतो. दूध मात्र गार ओतू नका, गुठळ्या तिथेच होतात. झाल्याच, तर पातेलं खाली उतरवून उलथन्याने मोडा, चार चमचे गरम दूध शिंपडून झाका आणि अगदी मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा.

हाच शिरा अननसाचा करायचा तर दूध अजिबात नको. अननसाच्या आंबटपणाने ते फाटतं. फळ साखरेत शिजवून ठेवा, रवा पाण्यावर फुलवा आणि अननस त्याच्या पाकासकट शेवटी घाला.

शिकरण साधं असतं, पण

दूध तापवून गार केलेलं हवं, कोमट नको. केळी कुस्करू नका, चकत्या करा. पानात वाढायच्या दहा मिनिटं आधी कालवा. तासभर ठेवलं की केळं काळं पडतं आणि दुधाला ओशट चव येते. आणि त्यातच संत्र्याच्या फोडी किंवा स्ट्रॉबेरी घालून फ्रूट सॅलड करू नका. दूध आंबट झालं की त्यातलं केसिन हे प्रथिन गोळा होतं आणि दूध फाटतं. आंबट फळं घालायचीच असतील तर कस्टर्ड पूर्ण थंड करा आणि फळं वाढतानाच मिसळा. कस्टर्ड पावडर हा मुख्यतः मक्याचा स्टार्च असतो. ती गार दुधातच कालवायची आणि उकळी येईपर्यंत शिजवायची. अर्धवट शिजलं तर जिभेला पिठूळ लागतं.

घारगे: पाण्याची वाटी जवळ ठेवूच नका

सालीवर काळे ठिपके आलेली, कोणी खात नाही अशी केळी घारग्यांसाठी सर्वांत चांगली. त्यातली बहुतेक पिठुळता साखरेत बदललेली असते. वसईकडची राजेळी मिळाली तर उत्तम, नाहीतर बाजारातली नेहमीची केळी. दोन मोठी केळी कुस्करून अर्धी वाटी किसलेला गूळ घाला आणि गूळ विरघळेपर्यंत थांबा. घाईत इथेच चुकतं. गुळाचे खडे राहिले तर ते कणकेत नंतर वितळतात आणि मघाशी छान मळलेलं पीठ अर्ध्या तासात हाताला चिकटू लागतं. मग आपण वरून कणीक ओतत जातो आणि घारगे चामट होतात.

गूळ विरघळल्यावर चिमूटभर मीठ, वेलची, दोन चमचे तांदळाचं पीठ, चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तेवढीच कणीक घाला. पाणी एक थेंबही नको. पीठ पुरीपेक्षा किंचित घट्ट मळा, कारण ते सैल होणारच आहे. पंधरा मिनिटांत लाटायला घ्या आणि पुरीपेक्षा जाड ठेवा. पातळ लाटलेला घारगा कडक होतो.

तेल मध्यम तापलेलं हवं. गूळ आणि केळ्यातली साखर लवकर करपते, त्यामुळे मोठ्या आचेवर बाहेरून काळा आणि आतून कच्चा घारगा निघतो. उलट तेल कोमट असलं तर घारगा तेल पितो. पिठाचा छोटा गोळा टाका. तो सावकाश वर आला आणि भोवती बारीक बुडबुडे दिसले की तेल तयार.

पीठ हाताबाहेर सैल झालंच तर वाचवता येतं. त्यात चमचाभर दही आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चमच्याने तेलात सोडा. गुलगुले होतील, पोरं तेही आवडीने खातात. केळ्याचे घारगे दुसऱ्या दिवसापर्यंत चांगले राहतात, भोपळ्याच्या घारग्यांइतके टिकत नाहीत. प्रवासाला न्यायचे असतील तर भोपळाच घ्या.

सांदण

सांदण म्हणजे फणसाच्या रसातली गोड, वाफवलेली इडली. कोकणाबाहेरच्या मैत्रिणी विचारतात, "आमचं सांदण घट्ट का होतं?" पहिला प्रश्न मी उलट विचारते, फणस कापा होता की बरका? बरका गरा मऊ असतो, चाळणीवर घासला की रस खाली उतरतो आणि धागे वर राहतात. काप्याचा गरा कुरकुरीत असतो, तो घासून रस देत नाही. मिक्सरमधून काढला तरी रस कमी आणि चोथा जास्त. कापाच हाताशी असेल तर नारळाचं दूध जास्त घ्या, पण बरक्याचा वास येणार नाही हे धरून चाला. बरकाही मिक्सरला लावू नका, धागे पात्याला गुंडाळले जातात आणि उरलेले पिठात मिसळतात. फणस फोडताना हाताला आणि सुरीला खोबरेल लावा, चीक बसत नाही.

एक वाटी इडली रवा थोड्या तुपावर भाजून घ्या. दीड वाटी रस, अर्धी वाटी गूळ, चिमूटभर मीठ आणि लागेल तसं नारळाचं दूध घालून भिजवा. निदान एक तास तरी भिजू द्या. लगेच वाफवलं तर सांदण चरचरीत लागतं. तासाभराने पीठ घट्ट झालेलं दिसेल, तेव्हा पुन्हा नारळाचं दूध घालून इडलीच्या पिठासारखं करा. पंधरा ते वीस मिनिटं वाफ पुरते. गरम असताना सांदण साच्यातून ओढू नका, मोडतं. गार झालं की आपोआप सुटतं. डब्यातला रस वापरत असाल तर आधी चाखा, त्यात बऱ्याचदा साखर घातलेली असते.

थोडक्यात आणखी काही

सीताफळाचा गर उकळत्या दुधात घालू नका, कडवटपणा येतो. दूध आटवून पूर्ण गार करा आणि गर मग मिसळा. बिया हातानेच काढा. मिक्सरमध्ये त्या फुटू देऊ नका, त्या विषारी असतात.

नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की तासाभराने कडू लागायला लागतो. त्यातलं लिमोनिन हळूहळू तयार होतं. काढला की प्या आणि बिया मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका.

चिकूचं मिल्कशेक घशाला खवखवलं तर चिकू कच्चा होता. नखाने साल किंचित खरवडा, खाली हिरवं दिसलं तर दोन दिवस थांबा.

आमरस मिक्सरमध्ये फार वेळ फिरवला की फेसाळतो आणि लवकर काळवंडतो. हाताने पिळून, पुरणयंत्रातून काढलेला दाट राहतो. हापूस कापल्यावर आत पांढुरका स्पंजासारखा भाग दिसला तर तो साका. तेवढा काढून टाका, रसात गेला तर आंबट लागतो.

डब्यातलं फळ

सफरचंद आणि पेरू कापल्यावर काळवंडतात. एक तांब्याभर पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून फोडी पाच मिनिटं बुडवा, साध्या पाण्याने धुऊन निथळा. लिंबाचा रस चोळला तरी चालतं, मग फळ आंबटसर लागतं एवढंच. चाट मसाला आणि मीठ घरून घालून पाठवू नका. मीठ फळातलं पाणी ओढून घेतं आणि दुपारपर्यंत डब्यात फोडी पाण्यात पोहतात. वेगळ्या पुडीत द्या. कलिंगड डब्याला नकोच. डाळिंबाचे दाणे मात्र निर्धास्त पाठवा, ते काळेही पडत नाहीत आणि फारसं पाणीही सोडत नाहीत.

आणि केळी कच्ची असताना फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने साल काळी पडते आणि आतलं फळ नीट पिकत नाही. ती बाहेर, सफरचंद-आंब्यांपासून दूर टांगून ठेवा. या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्याने केळी दोन दिवसांत पिकून जातात. घारगे करायचे असतील तेव्हा मात्र मुद्दाम त्यांच्याच टोपलीत ठेवा.