जुन्या मोटारसायकलचे चार्जिंग तपासताना : नव्या कारागिरांसाठी

दुचाकी दुरुस्तीच्या कामात नव्याने येणाऱ्या मुलांना इंजिन लवकर समजते, कारण ते उघडून पाहता येते. चार्जिंगचा बिघाड असा दिसत नाही, तो मोजावाच लागतो. मोजायचा कंटाळा केला की आधी बॅटरी बदलली जाते, मग आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे कॉइलचा एसी करंट डीसी करून व्होल्टेज आवरणारा भाग), मग कॉइल प्लेट (वीज तयार करणाऱ्या कॉइलांची प्लेट), आणि गिऱ्हाइकाचे बरेच पैसे गेल्यावर केव्हातरी गाडी सुधारते. बरीच वर्षे हे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की उतरलेली बॅटरी हा बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्यातरी बिघाडाचा परिणाम असतो, आणि तो बिघाड शोधायचा असेल तर तपासणीचा क्रम मोडता कामा नये.

मीटर हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला नीट प्रश्न विचारावेत. १९९४ साली बाजारात आलेली स्प्लेंडर आणि तिच्या पिढीच्या १०० सीसी गाड्या घेतल्या तर त्यांचा हेडलाइट बॅटरीवर नव्हे, थेट इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो, आणि ठिणगीसाठीही वेगळी कॉइल असते. त्यामुळे बॅटरी पूर्ण मेली तरी किक मारून गाडी चालू होते, हेडलाइट लागतो, आणि हॉर्न व इंडिकेटर तेवढे बंद पडतात. ‘लाइट चांगला आहे, हॉर्न मात्र वाजत नाही’ एवढ्या एका वाक्यातून लाइटची कॉइल जिवंत असल्याचे कळते आणि शोध निम्म्यावर येतो. गाडीला फॉग लॅम्प किंवा मोठा हॉर्न बसवला आहे का, हेही विचारावे. ५५ वॉटचे दोन दिवे मिळून ११० वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर खातात, आणि जुन्या छोट्या गाडीच्या मॅग्नेटला तेवढे झेपत नाही. अशा गाडीत बिघाड काहीच नसतो, मागणीच जास्त असते.

त्यानंतर बॅटरी. इंजिन बंद ठेवून, गाडी काही तास उभी राहिल्यावर, पूर्ण चार्ज झालेल्या १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. बॅटरी रिकामी असताना पुढची कोणतीही मोजणी विश्वासाची नसते, म्हणून आधी ती चार्जरवर लावावी. क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका करंट हा जुना नियम आजही चांगला आहे : २.५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला पाव अँपिअर. घाईने जास्त करंट दिला तर एवढी छोटी बॅटरी तापून खराब होते.

आता गाडी चालू करून मीटर बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर धरावा आणि रेस वाढवावी. १३.५ ते १४.५ व्होल्ट आले तर चार्जिंग ठीक आहे. मंद चालीवर आकडा थोडा कमी असणे जुन्या गाड्यांत स्वाभाविक आहे, त्यावरून निष्कर्ष काढू नये. १५ च्या वर गेला तर नियंत्रण सुटले आहे आणि बॅटरीतले पाणी वारंवार कमी होत असणार. काही रेग्युलेटरांना व्होल्टेज पाहण्यासाठी वेगळी तार असते. तिचा जोड सैल झाला की त्यांना खोटे कमी व्होल्टेज दिसते आणि ते चार्ज वाढवत जातात, म्हणून तिथेही आधी तार पाहावी, मग युनिट. चालू गाडीची बॅटरीची वायर काढून ‘गाडी बंद पडते का’ हे पाहण्याची पद्धत अनेक ठिकाणी शिकवली जाते. ती कृपया शिकू नका. बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळते आणि बल्ब किंवा इलेक्ट्रॉनिक भाग जाऊ शकतात.

व्होल्टेज वाढतच नसेल तर बहुतेक जण थेट कॉइलकडे वळतात. मी आधी वायरिंगकडे वळतो. दूध घालणाऱ्या एका गृहस्थांची जुनी स्प्लेंडर माझ्याकडे आली तेव्हा तिची बॅटरी आणि आरआर युनिट दोन्ही नवे होते, तरी हॉर्न सकाळी वाजे आणि संध्याकाळपर्यंत बसे. रेस दिल्यावर बॅटरीवर १२.७ व्होल्ट येत होते. तोच मीटर युनिटमधून बॅटरीकडे जाणाऱ्या लाल तारेवर, कपलरच्या (तारा जोडणाऱ्या प्लगच्या) मागच्या बाजूने पिन घालून धरला, तर १४.३. म्हणजे चार्जिंग तयार होत होते, पण १.६ व्होल्ट वाटेतच जात होते. कपलर सोडवला तर आत लाल तारेच्या पिनेवर हिरवा थर चढला होता आणि तिच्याभोवतीचे पांढरे प्लास्टिक उष्णतेने तपकिरी झाले होते. पिन कापून नवी दाबून बसवली आणि बॅटरीवर १४.१ आले. खर्च एका पिनेचा.

ही तपासणी नीट आत्मसात करावी, कारण जुन्या गाडीत तिच्याइतकी फळणारी दुसरी नाही. गाडी रेसवर असताना मीटरचे एक टोक युनिटच्या लाल तारेवर आणि दुसरे बॅटरीच्या धन टर्मिनलवर ठेवावे. दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर मधल्या प्रत्येक जोडाकडे संशयाने पाहावे. मग तेच युनिटचे अर्थिंग आणि ऋण टर्मिनल यांच्यामध्ये करावे. चेसिसला रंग दिलेल्या गाड्यांत अर्थिंगच्या बोल्टखाली रंगाचा थर हमखास सापडतो.

वायरिंग निर्दोष ठरल्यावरच कॉइल. इथे नवी मुले एका ठिकाणी हटकून गोंधळतात. तीन पिवळ्या तारांच्या थ्री-फेज कॉइलमध्ये कोणतीही तार बॉडीशी जोडलेली दिसता कामा नये, दिसली तर कॉइल गेली. छोट्या सिंगल-फेज गाड्यांत मात्र कॉइलचे एक टोक बहुधा अर्थलाच असते, म्हणून तिथे बॉडीशी जोड दिसणे हेच बरोबर असते, आणि हे माहीत नसल्याने चांगल्या कॉइल फेकल्या जातात. थ्री-फेजच्या तारांमधला रोध एक ओहमपेक्षाही कमी असतो, त्यामुळे आधी मीटरची दोन्ही टोके एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करावा. नंतर कपलर सोडवून, रेस देऊन, दोन-दोन तारांमधले एसी व्होल्टेज पाहावे. ५,००० आरपीएमच्या आसपास ते अनेक गाड्यांत ५० व्होल्टच्या वर जाते, म्हणून उघड्या पिनांना हात लावू नये. आकडा किती, यापेक्षा तिन्ही जोड्यांचा आकडा सारखा आहे का, हे मी जास्त पाहतो. थंड गाडीत सारे ठीक आणि अर्ध्या तासाच्या फेरीनंतर एक जोडी कमी पडते, असेही होते, कारण जुन्या वार्निशचे इन्सुलेशन तापल्यावर दगा देते. म्हणून ही मोजणी गाडी तापलेली असतानाही करावी.

चालू असताना चार्जिंग उत्तम, तरी रात्रभर उभी राहून बॅटरी उतरत असेल, तर किल्ली बंद ठेवून ऋण वायर सोडावी आणि वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर जोडावा. घड्याळ किंवा अलार्म नसलेल्या गाडीत जवळजवळ शून्य दिसले पाहिजे. करंट दिसला आणि आरआर युनिटचा कपलर काढताच तो थांबला, तर युनिटमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा गळतो आहे. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवू नये किंवा सेल्फ दाबू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो.

आरआर युनिट मी सर्वांत शेवटी, बाकी सारे निर्दोष ठरल्यावरच बदलतो. डायोड तपासणीत ते पास झाले तरी लोडवर नीट चालेल याची खात्री त्यातून मिळत नाही. नवे बसवल्यावर बॅटरीचे स्थिर व्होल्टेज, रेसवरचे व्होल्टेज आणि बंद गाडीतली गळती हे तीन आकडे जॉबकार्डवर लिहून गिऱ्हाइकाला दाखवावेत आणि आठवड्याने गाडी परत बोलावून तेच तीन पुन्हा मोजावेत.