बूट शिवायचा की सोडायचा?

तीन वर्षांपूर्वी आषाढात मसाई पठारावर माझ्या ट्रेकिंगच्या डाव्या बुटानं दगा दिला. पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्याला हात जोडून निघालो होतो. म्हाळुंगे मागं टाकून पठारावर आलो, तर धुक्यात पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसत होती. पाऊल टाकलं आणि टाचेखाली काहीतरी भुसभुशीत लागलं. वाकून पाहिलं तर वरचं चामडं धडधाकट, खालचं रबर लोंबतंय आणि दोन्हींच्या मधला थर भिजलेल्या बेसनासारखा चिखलात पडलेला. पावनखिंड अजून दीड दिवसावर होती. सुतळीनं बूट बांधून कशीबशी कुंभारवाडी गाठली आणि तिथून माघारी फिरले.

त्याच बुटाला मी जूनमध्ये 250 रुपये देऊन कडेनं शिवण घालून घेतली होती. शिवण चोखच होती. बूट शिवण्याच्या पलीकडे गेलेला होता आणि ते मला ओळखता आलं नव्हतं. तेव्हापासून दरवर्षी मे महिन्यात मी बूट काढून नीट तपासते. आमच्या ट्रेकवाल्यांतले सात-आठ जण आता आपापले जोड घेऊन माझ्या ओसरीवर येतात.

आपण कोल्हापूरकर चपलेवर वाढलो. कोल्हापुरी चपलेत तळ चामड्याचा आणि शिवणही चामड्याच्या वादीची. टाच झिजली की तुकडा लावायचा, कान तुटला की कान बदलायचा. माझ्या आजोबांनी एक जोड असाच वर्षानुवर्षं चालवला. त्यामुळं पायातलं काहीही दुरुस्त होतं, असं आपल्याला मनापासून वाटतं. ट्रेकिंगच्या बुटात मात्र चामडं आणि रबर यांच्यामध्ये फोमचा थर असतो, आणि बुटाचं आयुष्य त्या फोमवर ठरतं.

म्हणून तपासणी तिथूनच सुरू करा. बूट धुऊन, पूर्ण वाळवून उजेडात धरा. रबराच्या वर जी जाड पट्टी दिसते, तीच या फोमची कड. अंगठ्यानं ती जोरात दाबा आणि सोडा. चांगला फोम दबतो आणि लगेच वर येतो. दाबल्यावर बारीक भेगा उघडत असतील, नख लावल्यावर पिठासारखा भुगा सुटत असेल किंवा बोटाला चिकट लागत असेल, तर तो जोड संपला. बहुतेक वेळा हा फोम पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेनचा असतो. हवेतला दमटपणा त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत राहतो. बूट वापरला नाही तरी हे थांबत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर टाकला तर उलट लवकर होतं. “दोनदाच घातलाय, नवाच आहे” म्हणून कुणी पाच-सहा वर्षांपूर्वीचा जोड आणला, की मी आधी त्याची ही पट्टी दाबून बघते.

दुसरा प्रकार ईव्हीए, म्हणजे इथिलीन व्हिनाइल अ‍ॅसिटेट, या फोमचा. त्याचा असा भुगा होत नाही, तो दबून कायमचा बसतो. बूट टेबलावर ठेवून मागून डोळ्याच्या रेषेत पाहा. टाच आत किंवा बाहेर कललेली दिसली, पट्टीवर आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या असतील, तर गुडघे दुखायला लागण्याआधी तो जोड सोडा. नुसतं रबर एका बाजूनं झिजून बूट कलला असेल, तर मात्र सोल बदलून भागतं.

सोल बदलायचं ते रबराच्या गुट्ट्या, म्हणजे तळाचे उंचवटे, सपाट होत आल्या की, खालून फोम दिसायच्या आत. आधी बूट शिवणीचा आहे की चिकटवलेला, ते पाहा. कडेच्या खाचेत दोरा दिसला म्हणून लगेच खूश होऊ नका. पुष्कळ बुटांवर नुसता साच्यात उमटवलेला खोटा टाका असतो. सुईच्या टोकानं दोरा उचलून बघा. खरी शिवण असेल तर सोल पुन्हा पुन्हा बदलता येतो.

बिंदू चौकाजवळ बसणाऱ्या एका मामांकडे मी जाते. मागच्या वर्षी माझा दुसरा जोड त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी रापीचं, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराचं, टोक सोलच्या फटीत घालून हलकेच फिरवलं, नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाले, “ताई, ह्यो नुसता सुटलाय. आतलं अंग चांगलं हाय. ह्याला आरी लावू नगा, चिकटवू.” कारण विचारलं तर म्हणाले, “जितकी भोकं पाडू, तितकं पानी आत.” आत पाणी अडवणारा पडदा असलेल्या बुटाला हे तंतोतंत लागू आहे. त्यांनी जुनं सोल्युशन पॉलिश पेपरनं पार घासून काढलं, दोन्हीकडे नवं लावलं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबले आणि मग ठोकून, दोरीनं आवळून बूट दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतला. ही थांबायची पायरी जो गाळतो, त्याच्याकडे बूट देऊ नका.

नवं रबर निवडताना त्यात नख रोवून बघा. अजिबात वळ उठत नसेल तर रबर कडक आहे, आणि शेवाळलेल्या जांभ्यावर ते साबणासारखं घसरतं. गुट्ट्या खोल हव्यात, त्यांच्यात अंतरही हवं, म्हणजे लाल चिखल भरून राहत नाही.

वरच्या भागाला फार वेळ लागत नाही. आत कोरडा कागद कोंबून बूट दहा मिनिटं परातीत, बोटभर पाण्यात ठेवा. कागद कुठं ओला झाला ते पाहा. बोटं दुमडतात तिथं चामडं आरपार चिरलं असेल तर ठिगळ टिकत नाही. टाचेचं आतलं अस्तर फाटलं असेल तर चामड्याचा पातळ तुकडा लावून मिळतो. पण अस्तरामागचं कडक कवच मोडलं असेल, हात घातल्यावर ते टोचत असेल, तर पायाला फोड येणारच. हुक, नाडीची भोकं, आतला सुखतळा ही कामं किरकोळ आहेत. त्यासाठी कुणी नवा जोड घेऊ नये.

पैशाचा माझा हिशेब असा: दुरुस्तीला नव्या जोडाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी खर्च येत असेल आणि फोम पक्का असेल, तर दुरुस्ती. 4,200 च्या जोडाला 800 रुपये मी आनंदानं दिले आणि त्यावर दोन पावसाळे काढले. फोम गेलेल्या बुटाला मात्र शंभर रुपयेही घालू नका.

नवा घ्यायचाच ठरला तर मे महिन्यातच घ्या, जुलैच्या तोंडावर नको. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, ट्रेकचे मोजे घालून दुकानात जा. जिना उतरून बघा. अंगठा पुढं आपटला तर एक नंबर मोठा मागा. पहिला आठवडा रंकाळ्याभोवती चाला, मग सॅकमध्ये वजन भरून जोतिबाच्या पायऱ्या चढा-उतरा.

जुना जोड टाकताना त्याच्या नाड्या काढून ठेवा. पठारावर माझी सुतळी चिखलात दोनदा तुटली. बुटाची नाडी एवढ्यात तुटत नाही. तळाखालून गुट्ट्यांच्या खाचेतून घ्यायची, पायाच्या वर फुली मारायची आणि गाठ घोट्यामागं बांधायची, म्हणजे ती दगडावर घासत नाही. आता माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात अशा दोन नाड्या कायम असतात.