लढाईच्या दिवसांत गॅसची टाकी घेताना

"ताई, तिकडं लढाई पेटलीय, वरचे शंभर द्या." आखातात किंवा युरोपात तोफ वाजली की गाडीवरचा पोरगा हे म्हणणार, हे धरूनच चाला. गॅस एजन्सीच्या काउंटरवर पावत्या फाडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून सांगते.

घरगुती १४.२ किलोच्या टाकीचा दर ना एजन्सी ठरवते, ना गाडीवाला. तो तेल कंपन्या शहरागणिक जाहीर करतात, आणि त्यावर केंद्र सरकारचा हात असतो. युक्रेनची लढाई पेटली त्या २०२२ साली मुंबईत टाकी ८९९.५० वरून जुलैपर्यंत १०५२.५० वर गेली. एवढं वाढूनही कंपन्या तोट्यातच होत्या, म्हणून ऑक्टोबरमध्ये केंद्राने तीन सरकारी कंपन्यांना २२,००० कोटी दिले. लढाईचा भार आपल्या वाट्याला जेवढा यायचा, तो पावतीच्या आकड्यात आलेला असतो. घरपोच आणण्याचा खर्चही त्यातच, मग मजला कितवाही असो. गोडाऊनवरून स्वतः टाकी आणलीत तर उलट सूट मिळते, पण मागावी लागते.

खरी मेख कोडमध्ये आहे. नंबर लावल्यावर मोबाईलवर चार आकडी कोड येतो. "आधी कोड सांगा, टाकी संध्याकाळी आणतो" म्हटलं की तोंड मिटून घ्या. कोड गेला की कागदोपत्री टाकी तुम्हाला पोचली. प्रत्यक्षात ती वडापावच्या गाडीखाली निघते. व्यावसायिक टाकी महागली की या धंद्याला ऊत येतो.

टाकी दारात आली की सील बघा, मग वजन. कड्याखालच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन रंगवलेलं असतं. ते १५.९ असेल तर काट्यावर ३०.१ दिसायला हवं. शे-दीडशे ग्रॅम इकडेतिकडे चालतं. गाडीवर काटा असायलाच हवा. "काटा बिघडलाय" असं ऐकू आलं तर टाकी परत करा, लाजू नका.

वरचे पैसे मागितलेच, तर भांडत बसू नका. पावती घ्या, तारीख, वेळ आणि मागितलेली रक्कम तिच्यामागेच लिहा आणि तेल कंपन्यांच्या १८००२३३३५५५ या नंबरवर तक्रार नोंदवा. दाद लागली नाही तर तहसीलची पुरवठा शाखा, मुंबईत शिधावाटप कार्यालय. गॅस जीवनावश्यक वस्तू कायद्यात येतो, त्यामुळे लेखी अर्ज त्यांना टाळता येत नाही. पोच मात्र शिक्क्यानिशी घ्या. १९०६ हा नंबर गळतीसाठी आहे, दराच्या तक्रारीसाठी तो अडवू नका.