'फारूकी' हे नाव लिहिताना

गावाचा इतिहास लिहिताना 'फारूकी' हा शब्द आला, की आधी त्याचा अर्थ पाहावा. अरबीत 'फारूक' म्हणजे सत्य आणि असत्य वेगळे करणारा. ही दुसरे खलिफा उमर यांची उपाधी असून, १३८२ ते १६०१ या काळात खानदेशावर राज्य करणारे घराणे स्वतःला त्यांचे वंशज म्हणवत असे. त्यामुळे थाळनेर (जि. धुळे) येथील या घराण्याच्या अष्टकोनी कबरीचा माहितीफलक लिहायचा झाल्यास 'फारूकी घराणे', 'फारूकी काळ' असे विशेषणासारखे लिहावे. मलिक राजा, नासिर खान ही मात्र या घराण्यातील राज्यकर्त्यांची व्यक्तिगत नावे आहेत. आज कोणाचे आडनाव फारूकी आहे, एवढ्यावरून त्याला राजवंशात बसवण्याची घाई (आपल्याकडे ती फार) करू नये. अकबराने या घराण्याचा असीरगड किल्ला घेऊन त्यांची सत्ता संपवल्यानंतर बांधलेल्या वास्तूलाही हे नाव लावू नये.